रुळांवरची लबलाबी

१२ नोव्हेंबर
शाझलीचं म्हणणं असं की लढा चालू असताना कुणीतरी तो लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर उद्या इतिहासवाले सगळं सरकारच्या तोंडून ऐकतील. शाझली आमच्या धरण्याचा पुढारी. त्याचं अक्षर वाईट, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी लझर, भूगोलात एम. ए., व्यवसायानं बेकार. खाणीच्या रुळांवर आम्ही तंबू ठोकलाय. फॉस्फेटची गाडी अडली की राजधानीला जाग येते, हे आमच्या गफ्साच्या खाणपट्ट्यात लहान पोरांनाही ठाऊक आहे. मागणी एकच, सरकारी नोकरी.

माझी घाई इतरांपेक्षा जरा जास्त आहे. जलीलाचे वडील, तिजानीकाका, यांनी मला तोंडावर सांगितलंय, "मुलगा चांगला आहेस. पण आधी भिंतीत खिळा दाखव, मग मुलगी माग." सरकारी नोकरीला आमच्याकडे भिंतीतला खिळा म्हणतात. एकदा ठोकला की कुणाच्या बापाला उपटता येत नाही. काका मार्च संपेपर्यंत थांबणार आहेत. त्यानंतर जकात खात्यातल्या एका कारकुनाला होकार जाईल. त्याचा खिळा आधीच ठोकलेला आहे. जलीलाला यात काय वाटतं ते मी विचारलं नाही. तिला वेगळं काय वाटणार?

१५ नोव्हेंबर
मामेभावाच्या घरची सुंता पुढे ढकलली गेली. आईनं त्यासाठी मोठ्या पातेल्यात हरभरे भिजवून ठेवले होते. वाया जायला नकोत म्हणून मी लबलाबी करून तंबूत नेली. थंडी मरणाची. सगळ्यांनी आपापल्या वाडग्यात शिळा पाव कुस्करला, मी वरून गरम हरभरे आणि रस्सा ओतला, जिरेपूड, हरिसा म्हणजे आमची जाळ मिरचीची लाल चटणी, लिंबू, अर्धकच्चं अंडं. पातेलं तासाभरात चाटूनपुसून साफ. आमच्यावर नजर ठेवायला आलेल्या पोलिसांनीही वाडगे पुढे केले. शाझली म्हणाला, त्यांना फुकट देऊ नकोस, ते सरकार आहेत. म्हणून त्यांच्याकडून पैसे घेतले. मग आपल्या लोकांनाही लाज वाटली आणि तेही देऊ लागले.

१९ नोव्हेंबर
रोज पातेलं नेतोय. आज दोन नेली. इथे नोंद करून ठेवतो की हे काम नव्हे. ही चळवळीला मदत आहे.

२४ नोव्हेंबर
जलीला तंबूत आली. तिनं एक घास खाल्ला, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "जिरं आयत्या वेळी कुटायचं असतं. हे कालचं आहे." मग माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत परत दिली नाही. जाताना म्हणाली, रुळांच्या कडेला तो न्हाव्याचा बंद गाळा आहे, भाड्यानं मिळेल. मी तिला नीट समजावलं की रोजगार कचेरीत माझं नाव बेकार म्हणून नोंदलेलं आहे. मी धंदा करतोय असं कळलं तर नाव कापलं जाईल, खिळा जाईल, आणि खिळ्याबरोबर ती स्वतःही जाईल.  ती म्हणाली, "आईच्या नावावर घे." मुलगी हुशार आहे. फक्त दूरदृष्टी नाही.

४ डिसेंबर
गाळा घेतला. आईच्या नावावर. न्हावी आरसे तसेच सोडून गेलाय, त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःला जेवताना बघावं लागतं. शाझलीला ते आवडतं. हरभरे निवडायला वनासामावशी येते, वाडगे धुवायला मुहसिन. मुहसिन जीवशास्त्राचा पदवीधर, तोही नोंदलेला बेकार. दोघांना रोजचे रोज पैसे देतो. सकाळी पाचला येतो, रात्री आठला जातो, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. बेकारी माणसाला किती थकवते हे राजधानीत बसलेल्यांना कळणार नाही.

११ डिसेंबर
राजधानीहून एक मुलगी मतदारांची मतं विचारायला आली होती. निवडणूक जवळ आली ना. ऐन दुपारच्या गर्दीत तिनं मला गाठलं. रोजगार कुणी निर्माण करावा, सरकारनं, खाजगी लोकांनी, की ज्याचा त्यानं? मी म्हणालो, सरकारनं, शंभर टक्के, खाली दोन रेघा ओढ. मग तिनं व्यवसाय विचारला. बेकार. तिनं मावशीकडे आणि मुहसिनकडे बोट केलं.

"हे दोघं काय करतात?"

"कामाला आहेत."

"म्हणजे यांना रोजगार आहे."

"आहे की. दिसत नाही का?"

"तो कुणी निर्माण केला?"

मला रागच आला. प्रश्नच चुकीचा तयार केलेला. मी म्हणालो, बाई, पाव कुस्करा, रस्सा थंड होतोय. मागे जलीला खोकत होती. तिला हल्ली मसाल्याचा फार ठसका लागतो.

१७ डिसेंबर
दोन उमेदवार आहेत. एक ट्रकवाला, दुसरा वकील. आज चौकात ट्रकवाल्याची सभा झाली. तो म्हणाला, तरुणांनो, सरकारच्या तोंडाकडे किती दिवस बघणार, स्वतःचं काहीतरी सुरू करा, चार जणांना पोटाला लावा. लोकांनी असा हुर्यो उडवला की त्याला बोलता येईना. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. हातात पळी होती, ती पत्र्यावर बडवत होतो. सभेची सगळी लबलाबी आपल्याकडूनच गेली होती.

वकील उद्या येणार. त्यानंही आपल्यालाच सांगितलंय.

१८ डिसेंबर
वकील म्हणजे माणूस. घरटी एक खिळा, असं थेट म्हणाला. बायकांनी तिथेच झगरूत, म्हणजे जिभा हलवून लग्नातले चीत्कार सुरू केले, जसं काही वरातच आलीय. माझं मत ठरलं. जलीलाला विचारलं तर म्हणाली, घरटी एक खिळा ठोकला तर भिंत पडेल. तिला राजकारण कळत नाही.

२९ डिसेंबर
आज सगळंच हातचं गेलं असतं. रोजगार कचेरीचा तपासनीस अचानक गाळ्यात हजर. नोंदलेले बेकार खरंच बेकार आहेत का, ते बघायला. कुणीतरी चुगली केली असणार. मी पळी टाकून बाकावर जाऊन बसलो आणि शक्य तितका उदास चेहरा केला. तपासनिसानं विचारलं, हा लझर काय करतो? भरल्या तोंडानं अख्खा गाळा म्हणाला, बेकार. एक पोलीस म्हणाला, मी दीड महिना यालाच राखतोय, याच्याइतका बेकार माणूस मी बघितलेला नाही. देव त्याचं भलं करो.

आईला बोलावून आणलं. ती या गाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा आली. हे सगळं मीच करते, असं ती म्हणाली आणि गॅसची शेगडी कुठली बटणं फिरवल्यावर पेटते ते शोधत राहिली. तपासनिसानं दोन वाडगे खाल्ले आणि आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाला, असा हात कुठे मिळत नाही हल्ली.

मग त्यानं जलीलाकडे बघितलं. तिच्या कमरेला फडकं, हातात पळी. "आणि ही?" मी म्हणालो, "ही? गिऱ्हाईक आहे. नेहमीचं." समोरच्या आरशात जलीला मला बघत होती. तिनं पळी ठेवली, वाडगा घेतला आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जमून गेलं. प्रसंगावधान होतं म्हणून वाचलो.

३० डिसेंबर
जलीला आली नाही. मावशी म्हणते, गिऱ्हाइकाचं काय, मनात असेल तर येतं. माझ्याशी आज कुणी धड बोलत नाहीये. एवढा मोठा धोका टळला, त्याचं कुणाला काही नाही.

२ जानेवारी
ती आली. काहीच झालं नसल्यासारखी जिरं कुटत बसली. मी म्हणालो, त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, "नाही लावून घेतलं. गिऱ्हाइकाचं बरं असतं लझर. त्याला कुणी मार्चची मुदत घालत नाही." काही बोलायचं म्हणून बोलते.

१२ जानेवारी
मतदान केलं. बोट निळं झालंय, हरिसानं लाल होतं ते लपलं. रात्री निकाल लागला, वकील निवडून आला.

२९ जानेवारी
खिळा!  वकिलानं शब्द पाळला. आमच्या जिल्ह्यासाठी हरित परिसर मंडळ काढलंय, तंबूतल्या जवळजवळ सगळ्यांना घेतलंय, शाझलीला, मला, सगळ्यांना. हुद्दा: बागकाम सहायक, कायम. दुपारी तंबू उतरवला. पोलीस रडवेले झाले होते. त्यातल्या एकानं मला मिठी मारली आणि वाडगा आठवण म्हणून मागून नेला.

थेट तिजानीकाकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही गालांवर चुंबनं घेतली, खजूर पुढे केले आणि साखरपुड्याचं बोलायला लागले. जलीला चहा घेऊन आली. मी म्हणालो, झालं ना शेवटी मनासारखं? "कुणाच्या?" एवढंच विचारलं तिनं. मुली अशा वेळी लाजतात.

३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मंडळाच्या कचेरीला बाग नाही. बाग सोडा, झाड नाही. साहेब मला बघून दचकले. म्हणाले, "तू का आलास?" मी म्हणालो, कामावर. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं की सगळे असे येऊ लागले तर बसायला खुर्च्या कुठून आणायच्या. फावडी तीन आहेत, तीही कुलपात. पगार घरबसल्या येईल. उगाच येऊन इतरांना अडचणीत आणू नकोस.

मी परतलो. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते इतकं निवांत असेल असं वाटलं नव्हतं. दहाच्या सुमाराला गाळ्यात गेलो. तंबू नाही, पोलीस नाहीत, बाकं रिकामी. आम्हा बेकारांना सरकारनं नोकरीला लावून आमचं गिऱ्हाईक मारलं. लढ्याच्या वेळी हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
नशीब जोरावर आहे. गाळा पुन्हा भरलाय. गाडी सुरू झाल्यामुळे खाणीच्या पाळ्याही सुरू झाल्या, आणि जलीला आता पहाटे, पाळी बदलते तेव्हा गाळा उघडते. बाहेर पडणारे खाऊन घरी जातात, आत जाणारे खाऊन कामाला जातात. केवळ योगायोग. गाळा आता तिच्या नावावर केला. मी सरकारी माणूस, मला चालत नाही, आणि आईला शेगडी अजून पेटवता येत नाही. कागदोपत्रीच आहे म्हणा.

१६ फेब्रुवारी
तीन दिवस तापानं अंथरुणात होतो. मंडळात कुणाला पत्ताही नाही. बागकाम सहायक नसल्यामुळे बागेचं काही बिघडलं नाही. गाळ्यातून मात्र रोज वाडगा येत होता आणि वनासामावशी दारातून ओरडत होती, उठ मेल्या, रांग सरकत नाहीये. आजारी माणसाशी बोलायची ही रीत नव्हे. तरी उगाच बरं वाटलं. का ते कळलं नाही.

१९ फेब्रुवारी
गाळ्यात गेलो तर माझी पळी मुहसिनच्या हातात. मी जलीलाला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "तू दहाला येतोस. पाळी पाचला बदलते. मला पाचला माणूस लागतो." मी म्हणालो, मी कायम आहे, सरकारी आहे. ती म्हणाली, "तिथे कायम राहा ना. मी कुठे नको म्हणते?"

दिवसभर बाकावर बसून मुहसिनकडे बघत होतो. तो हरिसा आधी घालतो आणि रस्सा वरून ओततो. जीवशास्त्राचा पदवीधर! हरिसा तळाशी बसतो आणि शेवटचा घास जाळतो. लोक खात होते, कुणी काही म्हणत नव्हतं. मला ते बघवेना.

२३ फेब्रुवारी
राजीनामा दिला. कारणं सैद्धांतिक आहेत. एका माणसानं दोन जागा अडवणं हा बेकार बांधवांवर अन्याय आहे. साहेबांनी राजीनामा घ्यायलाच नकार दिला. म्हणाले, अशी पद्धतच नाही, आजवर कुणी दिलेला नाही, कुठे ठेवायचा तेही मला माहीत नाही. मी टेबलावर ठेवून निघून आलो. त्या मुहसिनच्या हरिसाशी याचा काही संबंध नाही.

आई जमिनीवर बसून राहिली. शाझलीनं मला गद्दार म्हटलं. तिजानीकाकांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, जकातवाल्यांना येत्या रविवारी बोलावलंय.

  मला वाटलं होतं, आधी पळी परत मिळेल, मग बाकीचं बघू. नीट विचार केलाच नव्हता. मला जलीला हवी आहे. तिच्याशिवाय मला काही सुचत नाही, हे इतक्या पानांत मी एकदाही लिहिलं नाही.

२४ फेब्रुवारी
पहाटे पाचला गाळ्यावर हजर. म्हणालो, आलो. जलीला म्हणाली, जागा नाही. मुहसिनला ठेवलंय, त्याला काढणार नाही, ठेवलेला माणूस सरकारसुद्धा काढत नाही, मी कशी काढू? मी म्हणालो, जलीला, गाळा मी सुरू केला. ती म्हणाली, "तू? तू तर बेकार होतास. अख्ख्या गावानं साक्ष दिलीय." मावशी खाली मान घालून हरभरे निवडत होती. तिचे खांदे हलत होते.

२५ फेब्रुवारी
मला आयुष्यात एकच गोष्ट चांगली येते. गाळ्यासमोर तंबू ठोकला. जुन्या तंबूचंच कापड. घोषणा तोंडपाठ होत्या, फक्त नाव बदललं: जलीला, नोकरी द्या! आश्वासनं नकोत! दुपारपर्यंत गाव लोटलं. खाजगी गाळ्यावर नोकरीसाठी धरणं कुणी बघितलंच नव्हतं. जो तो बघायला येतो, आणि आला की उभ्या उभ्या एक वाडगा घेतो. आतून पळीचा आवाज थांबत नव्हता. हरिसा खाली, रस्सा वर. मी बाहेरून ओरडून सांगितलं, आधी रस्सा.

२६ फेब्रुवारी
सकाळी तिजानीकाका आले. मुलीच्या गाळ्यात जायला निघाले होते, माझ्याकडे बघायचंही नाही असं ठरवून. तंबूपाशी आले आणि पाय अडखळले. खाणीतले जुने, पट्टीचे युनियनवाले. संपावर बसलेल्या माणसाला ओलांडून आत जायचं त्यांना आजवर जमलेलं नाही, खाणीच्या साहेबांनी सांगूनही नाही.  शिव्या दिल्या, मला, माझ्या एम. ए.ला, हरभऱ्यांना. मग कुरकुरत माझ्या शेजारी येऊन बसले.

"मागणी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नोकरी."

"एवढीच?"

"आणि जलीला."

"एका वेळी एकच मागणी ठेवावी रे. दोन ठेवल्या की साहेब एक कापतो." मग म्हणाले, "पोरगी मालक असेल तर मी कुणाच्या बाजूनं बसायचं, हे मला कधी कुणी शिकवलं नाही." आणि उठले नाहीत. जकातवाल्यांना निरोप पाठवायला त्यांनी तिथूनच एका माणसाला पिटाळलं. निरोप असा, की काका संपावर आहेत, रविवारी घरी नसतील.

२७ फेब्रुवारी
दुपारी जलीला बाहेर आली. हात पुसत, फडकं खांद्यावर.  तिनं आधी वडिलांकडे बघितलं. ते आकाशाकडे बघू लागले. मग माझ्याकडे.

"काय मागणी आहे?"

"नोकरी." माझा घसा पार बसलेला होता. "कायमची."

"कायमची माझ्याकडे नाही. माझ्याकडे रोज पहाटेची आहे. एक दिवस उशिरा आलास तर मुहसिनच्या हातात पळी."

"मान्य."

"आणि कुणी विचारलं, ही कोण, तर काय सांगशील?"

सगळं गाव कान देऊन उभं होतं. दोन पोलीसही आले होते, साध्या कपड्यांत, खायला. मी म्हणालो, "मालकीण." मग म्हणालो, "आणि काकांनी हो म्हटलं तर बायको. आणि नाही म्हटलं तरी मी इथून उठणार नाही." काका म्हणाले, त्यांचं हो आहे, पण आधी कुणीतरी त्यांना उठायला हात द्या, गुडघे धरलेत.

जलीला हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा बघितलं तिला असं हसताना, आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. मी तंबूची दोरी सोडायला गेलो तर तिनं माझा हात धरला. कानाशी येऊन म्हणाली, मागण्या सगळ्या मान्य, पण अजून दोन दिवस असाच बसून राहा, इतकं गिऱ्हाईक आपण उभ्या जन्मात बघितलेलं नाही.

म्हणून बसलोय.